गिऱ्हाईक शोधतंय, आपण सापडतोय का?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज आपण मोबाईलबद्दल बोलणार आहोत. 'मोबाईल म्हणजे पोरांचं काम' असं म्हणून लगेच रेडिओ बंद करू नका. आजचा विषय खरा तर बाजाराचा आहे. आपला माल चांगला आहे, भाव वाजवी आहे, गिऱ्हाईकाला तो हवाही आहे. तरी ते आपल्यापर्यंत पोचत नाही. असं का होतं आणि त्यावर काय करायचं, ते आज बघू.

आधी आमच्यावर काय बेतलं ते सांगतो. आमचा गट सोलापूर जिल्ह्यातला, दहाजणींचा. शेंगा चटणी आणि ज्वारीच्या कडक भाकरी हा आमचा माल. दोन वर्षांमागे संक्रांतीच्या सुमाराला आम्ही पुण्याला एका प्रदर्शनात स्टॉल लावला होता. तिथे एका ताईंनी पाव किलोची पाच पाकिटं नेली. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच प्रदर्शनात गेलो, तर त्या ताई स्टॉल शोधत आल्या आणि म्हणाल्या, "अहो, मे महिन्यात मी तुम्हाला किती शोधलं! घरी मुंज होती. साठ पाहुण्यांना पाव-पाव किलो चटणी आणि चार-चार कडक भाकरी बरोबर द्यायच्या होत्या. तीन दिवस मोबाईलवर शोधत होते. शेवटी पेठेतल्या दुकानातून घेतलं."

आम्ही तिथेच हिशेब केला. पंधरा किलो चटणी चारशेच्या भावाने सहा हजार. दोनशे चाळीस भाकरी पंधरा रुपयांनी छत्तीसशे. म्हणजे ९,६०० रुपयांची ऑर्डर. दारापर्यंत आली, दार सापडलं नाही म्हणून परत गेली. आणि ही एक तरी आम्हाला कळली. न कळता किती परत गेल्या असतील?

घरी आल्यावर आम्ही दहाजणी सीआरपी ताईंच्या मोबाईलभोवती बसलो आणि स्वतःलाच शोधायला लागलो. गटाचं नाव टाकलं, तर त्याच नावाचे कितीतरी गट निघाले. सावित्री, जिजाऊ, रमाई, अहिल्या ही नावं आपण मोठ्या आदराने ठेवतो, पण ती प्रत्येक तालुक्यात आहेत. बरंच खाली गेल्यावर आमचं फेसबुक पेज सापडलं. वर गणपतीचा फोटो, गटाचं अर्धंच नाव, शेवटची पोस्ट 'शुभ सकाळ'. खाली दिलेला नंबर लावला, तर भलत्याच माणसाने उचलला. पेज लॉकडाऊनमध्ये एका सदस्येच्या पुतण्याने काढून दिलं होतं. तो नोकरीला गेला, त्याचा जुना नंबर बंद पडला. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. म्हणजे आमचं गिऱ्हाईक कुणा परक्याला फोन करत होतं!

शोधणारं यंत्र काम कसं करतं?

आपण गूगलवर काही विचारलं की ते त्या क्षणी जगभर धावत जातं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. इंटरनेटवरची जी पानं सगळ्यांना उघडी आहेत, ती गूगल आधीच वाचून ठेवतं आणि कुठल्या पानावर कुठले शब्द आहेत याची मोठी यादी करतं. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, तशी. आपण शब्द टाकला की ते त्या यादीत बघतं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, जे पान उघडं नाही ते यादीत जात नाही. आपण व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवतो, ते आपला नंबर जपून ठेवलेल्या ओळखीच्या माणसांनाच दिसतं आणि २४ तासांत जातं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेला फोटो ग्रुपमध्येच राहतो. ओळखीच्यांना माल विकायला ते ठीक आहे, पण पुण्याच्या अनोळखी ताईंना त्यातून आपण कधीच सापडणार नाही.

दुसरी गोष्ट, जो शब्द आपण लिहिलेलाच नाही, त्या शब्दाने शोधणाऱ्याला आपण सापडणं अवघड. पूर्वी पाकिटावर मु. पो., ता., जि. नीट लिहिलं तरच पोस्टमन पत्र दारात आणून द्यायचा. 'आमच्या मावशीला मिळो' एवढंच लिहिलं तर ते पत्र कुठे जाणार? आमच्या पेजचं तसंच झालं होतं. तिथे लिहिलं होतं, 'गुणवत्ता हाच ध्यास'. चटणी हा शब्द नाही, भाकरी हा शब्द नाही, सोलापूर हे नावसुद्धा नाही.

गिऱ्हाईकाच्या तोंडचे शब्द

मग आम्ही एक काम केलं, ते तुम्हीही करा. पुण्यामुंबईला असलेले नातेवाईक, बँकेतल्या मॅडम, कॉलेजात जाणाऱ्या मुली अशा दहा-बाराजणांना विचारलं, "शेंगा चटणी मागवायची असेल तर मोबाईलवर काय टाकाल?" उत्तरं वहीत लिहिली. 'सोलापुरी शेंगा चटणी', 'शेंगदाणा चटणी', 'कडक भाकरी कुठे मिळेल', 'ज्वारीची कडक भाकरी पुणे'. गटाचं नाव एकानेही सांगितलं नाही. 'दर्जेदार घरगुती उत्पादने' असंही कुणी म्हणालं नाही. आपण बोर्डावर लिहितो ते शब्द वेगळे, लोक शोधतात ते वेगळे.

अजून एक लक्षात आलं. बरेच जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाकतात. म्हणून मालाचं नाव आम्ही मराठीतही लिहितो आणि एकदा इंग्रजी अक्षरांतही. पण एकच शब्द वीस वेळा लिहून ठेवू नका. त्याने पान वर येत नाही, उलट वाचणाऱ्याला ते फसवं वाटतं.

आणि शब्द खरे हवेत. आमच्या जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाने लोक शोधतात हे आम्हाला ठाऊक आहे. पण आमची ज्वारी आमच्याच शिवारातली, म्हणून आम्ही ते नाव लावत नाही. खोट्या नावाने गिऱ्हाईक एकदा येईल, दुसऱ्यांदा येणार नाही. वर तिकडच्या शेतकऱ्यांच्या नावावर आपण हात मारल्यासारखं होईल.

कुठे काय लिहायचं?

फेसबुकपासून सुरू करू. स्वतःचं खातं आणि गटाचं पेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रीसाठी पेजच काढा. ते सगळ्यांना उघडं असतं आणि आपलं घरचं खातं, मुलाबाळांचे फोटो बाजूला राहतात. पेजच्या नावात गटाचं नाव, माल आणि गाव येऊ द्या. माहितीच्या जागेत पूर्ण पत्ता, चालू नंबर, काय विकतो आणि कुठपर्यंत पाठवतो हे लिहा.

इन्स्टाग्रामवर खातं 'व्यावसायिक' प्रकारचं करून घ्या, त्याला पैसे पडत नाहीत. जुलै २०२५ पासून अशा उघड्या व्यावसायिक खात्यांवरच्या पोस्ट गूगलच्या शोधातही दिसू शकतात. म्हणजे तिथे लिहिलेली ओळ आता दोन ठिकाणी कामाला येते. परिचयाला जागा मात्र १५० अक्षरांचीच असते, म्हणून मोजून लिहावं लागतं. आमचा परिचय आता असा आहे: 'सोलापुरी शेंगा चटणी, ज्वारीची कडक भाकरी. महिला बचत गट, ता. मोहोळ, जि. सोलापूर. पुणे-मुंबईला कुरिअर. ऑर्डर व्हॉट्सॲपवर.' बघा, काय, कुणाचं, कुठलं, कसं मिळेल, चारही प्रश्नांची उत्तरं आली. तुमच्या मालाचं नाव घालून हीच ओळ वापरा.

व्हॉट्सॲपचं 'बिझनेस' नावाचं वेगळं ॲप आहे, तेही फुकट आहे. त्यात मालाची यादी फोटो आणि भावासकट लावता येते. त्याची एक छोटी लिंकही मिळते. ती लिंक फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या परिचयात टाकली की गिऱ्हाईकाला नंबर जपून ठेवावा लागत नाही, बोट लावलं की थेट आपल्याशी बोलणं सुरू.

आता गूगलची नोंद. नकाशावर दुकानं दिसतात, त्यावर वेळ, फोन, लोकांचे अभिप्राय असतात, ती ही नोंद. तिला 'गूगल बिझनेस प्रोफाईल' म्हणतात. गिऱ्हाईक तुमच्याकडे येऊन माल नेत असेल, किंवा तुम्ही जवळपासच्या गावांत नेऊन देत असाल, तर ती काढता येते. घरचा पत्ता दाखवायचा नसेल तर तो लपवून फक्त कुठल्या भागात माल देता तेवढं दाखवायची सोय आहे. ओळख पटवायला गूगल फोनवर अंक पाठवतं किंवा कामाच्या जागेचा व्हिडिओ मागतं. आम्ही बोर्ड, भट्टी, पाकिटं भरतानाचा व्हिडिओ दिला.

इथे एक सावधगिरी ठेवा. गूगलच्या नोंदीत नाव जसं बोर्डावर आणि पाकिटावर आहे तसंच द्यायचं. नावापुढे 'सर्वात स्वस्त शेंगा चटणी' असलं काही जोडलं तर नोंद बंद होऊ शकते. मालाची माहिती लिहायला खाली ७५० अक्षरांची वेगळी जागा आहे.

जवळपासची दुकानं दाखवताना गूगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं: शोधणाऱ्याला हवंय त्याच्याशी आपली माहिती किती जुळते, आपण त्याच्यापासून किती लांब आहोत आणि आपली ओळख किती आहे. अंतर आपल्या हातात नाही. माहिती पूर्ण लिहिणं आपल्या हातात आहे. ओळख हळूहळू वाढते, अभिप्रायांतून.

म्हणून माल पोचला की आम्ही गिऱ्हाईकाला अभिप्रायाची लिंक पाठवतो आणि सांगतो, "आवडलं असेल, नसेल, खरं तेच लिहा." अभिप्रायाच्या बदल्यात पाकीट फुकट देणं नियमात बसत नाही. आपल्याच दहाजणींनी कौतुक लिहिणंही बरं नाही. एकदा एका काकांनी लिहिलं, 'भाकरी वाटेत तुटल्या.' आम्ही उत्तर दिलं, 'चूक झाली, आता जाड खोक्यात पाठवतो,' आणि खरंच खोकं बदललं. ते उत्तर पुढचं गिऱ्हाईकही वाचतं.

सगळीकडे एक नियम पाळा. नाव, पत्ता आणि नंबर अक्षरशः सारखा ठेवा. एका ठिकाणी 'महिला बचत गट', दुसरीकडे 'गृहउद्योग', तिसरीकडे जुना नंबर असं झालं की यंत्रही गोंधळतं आणि माणूसही. पाकिटावरही तेच नाव छापा. आमच्या पुण्याच्या ताईंकडे पाकीट होतं, पण त्यावर गटाचं नाव सोडून शोधण्यासारखं काहीच नव्हतं.

फोटोखाली चार शब्द

आपण फोटो छान काढतो आणि खाली लिहितो, 'लवकर ऑर्डर करा.' फोटोतली अक्षरं यंत्राला नीट वाचता येतीलच असं नाही. खाली लिहिलेलं मात्र वाचता येतं. म्हणून प्रत्येक फोटोखाली मालाचं नाव, वजन, भाव, किती दिवस टिकतं, कुठे पाठवतो, हे लिहायचं. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांकही लिहा. अनोळखी माणसाचा विश्वास त्याने बसतो. रोज पोस्ट टाकायची गरज नाही. आठवड्याला एक, पण नीट.

किल्ल्या कुणाच्या हातात?

सख्यांनो, आता आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. पेज कुणाच्या नंबरवर, कुणाच्या ईमेलवर आहे? बऱ्याच गटांत त्याचं उत्तर असतं, 'भाच्याच्या', 'दिरांच्या', 'मागच्या अध्यक्षांच्या'. बचतीची पेटी एकीकडे आणि किल्ल्या दोघीतिघींकडे, हा नियम आपण पैशाला लावतो. पेजलाही तोच लावायला हवा. आमचं जुनं पेज आम्हाला आजही परत मिळालेलं नाही. पुतण्याला पासवर्ड आठवत नाही, नंबर त्याच्याकडे नाही. नवं पेज काढून पहिल्यापासून ओळख करावी लागली.

आता आमच्याकडे असं आहे. गटाच्या कामासाठी वेगळं सिमकार्ड घेतलं आणि त्याच्या रिचार्जचा खर्च गट करतो. गटाचं वेगळं ईमेल काढलं. पेजवर दोन सदस्यांना पूर्ण अधिकार दिले. मासिक बैठकीत ठराव करून इतिवृत्तात लिहिलं की पेज, नंबर आणि ईमेल गटाच्या मालकीचं आहे. पासवर्ड इतिवृत्तात लिहायचा नाही. तो बंद पाकिटात, पेटीत ठेवायचा. पदाधिकारी बदलले की पासवर्डही बदलायचा.

मुलं मदत करतात ती जरूर घ्या, पण मुलाला म्हणा, "तू सांग, बोट मी लावते." आमच्यातल्या एक ताई सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी असंच करून पेज चालवायला घेतलं. पहिल्यांदा अनोळखी गिऱ्हाईकाचा फोन आला तेव्हा त्यांनी तो घाबरत नवऱ्याच्या हातात दिला होता. आता त्याच भाव सांगतात आणि 'पैसे आल्यावरच पार्सल निघेल' असंही ठणकावतात.

सापडायचं, पण जपून

सापडायचं म्हणजे सगळंच उघडं टाकायचं नाही. स्वतःचा घरचा नंबर पेजवर देऊ नका, गटाचाच द्या. रात्री-अपरात्री नको त्या माणसांचे फोन येतात, हे आम्ही सोसलंय. त्या सिमला फोन घ्यायची वेळ ठरवा आणि ती पेजवर लिहा. सदस्यांचे फोटो त्यांना विचारून टाका, लहान मुलांचे टाकूच नका. फेसबुकच्या सेटिंगमध्ये, बाहेरच्या शोधयंत्रांनी आपलं खातं दाखवावं का, असा प्रश्न असतो. घरच्या खात्याला 'नाही' म्हणा. पेज शोधात येऊ दे, आपण नको.

पेज दिसायला लागलं की फसवणारेही येतात. 'गूगलमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर नोंद बंद होईल,' असा फोन आला तर ठेवून द्या. ही नोंद फुकट आहे. ओळख पटवायचे जे अंक मोबाईलवर येतात ते कुणालाही सांगू नका, नाहीतर नोंद त्याच्या ताब्यात जाईल. मोठी ऑर्डर देतो म्हणून कुणी क्यूआर कोड पाठवला आणि 'पिन टाका, पैसे जमा होतील' म्हणाला, तर लक्षात ठेवा: पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. फसवणूक झालीच तर उशीर न करता १९३० या नंबरवर कळवा.

धीर धरावा लागतो

हे सगळं केल्यावर पहिले दोन महिने आम्हाला एकही नवा फोन आला नाही. नवं पान यादीत जायला आणि वर यायला वेळ लागतो. शिवाय आपण वर आलो का, हे आपल्याच मोबाईलवर बघू नका. आपला मोबाईल आपल्याला ओळखतो आणि आपल्याला आवडेल तेच आधी दाखवतो. दुसऱ्या गावातल्या कुणाला तरी बघायला सांगा. तिसऱ्या महिन्यात मुंबईहून दोन किलोची ऑर्डर आली, मग आणखी चार-पाच. प्रदर्शनाइतकी विक्री यातून अजून होत नाही. पण प्रदर्शन वर्षातून दोनदा असतं आणि पेज बाराही महिने उघडं असतं.

येत्या बैठकीत एवढंच करा. एक, कुणाच्या तरी मोबाईलवर आपल्या मालाचं आणि गावाचं नाव टाकून स्वतःला शोधा. दोन, पेजवरचा नंबर लावून बघा, कोण उचलतं ते. तीन, दहाजणांना विचारून त्यांचे शब्द वहीत लिहा. चार, काय, कुणाचं, कुठलं, कसं मिळेल, अशी एक ओळ तयार करा आणि सगळीकडे तीच टाका. पाच, किल्ल्यांचा ठराव करा.

पुण्याच्या त्या ताईंना आम्ही नवी लिंक पाठवली आहे. त्यांच्या धाकट्या मुलाची मुंज अजून व्हायची आहे म्हणे. तेव्हा त्यांना तीन दिवस शोधायला लागू नये, एवढंच आम्ही बघतोय.